यंत्राचे तीन प्रश्न

संगणकावर चालणारी दुर्बीण घरात आली तेव्हा मला वाटलं, तारे शोधायचे कष्ट आता संपले. बटण दाबायचं, आणि शनी नेत्रिकेत हजर. प्रत्यक्षात उलटंच झालं. मी तिला काही विचारण्याआधी तिनंच मला तीन प्रश्न विचारले. तू कुठं आहेस? आता तारीख आणि वेळ काय? आणि हा समोरचा तारा कोणता?

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी. ए. झालो, गणिताशी शाळेतच फारकत झाली. दुर्बीण आणली ती माझ्या भाच्यानं. हैदराबादला नोकरीला असतो, सुटीत मुलचेऱ्याला येताना खोकं घेऊन आला. म्हणाला, "मामू, तुमच्या इथं अंधार आहे. हिचा उपयोग शहरात नाही, इथंच आहे."

अंधाराची आम्हाला कमी नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, भोवती जंगल, हिवाळ्यात धान निघून गेलेल्या कोरड्या बांध्या. त्या बांधीतच आम्ही तिपाई लावली. ५ जानेवारीची संध्याकाळ होती. आठच्या सुमारास पोरं जमली. काही गोंड वस्तीतली, काही बंगाली वस्तीतली, काही आमच्या गल्लीतली. भाचा तारा जोडत होता, मी हातातल्या रिमोटवर आकडे भरत होतो. यादीत मुलचेरा नव्हतंच, म्हणून अक्षांश-रेखांश भरले. वेळ भरली. तारीख भरली : ०५, ०१.

यंत्रानं पडद्यावर स्वातीचं नाव दाखवलं आणि नळी घर्र घर्र करत पूर्वेला वळली. ती थांबली तिथं ठळक असं काही नव्हतं. पण थोडं बाजूला एक तांबूस ठळक तारा होता. स्वाती तांबूस असते एवढं मला ठाऊक होतं. नळी तिकडं सरकवली, तारा मधोमध आणला, बटण दाबलं. मग यंत्र म्हणालं, चित्रा. नळी आग्नेयेला गेली. तिथंही तारा नाही, पण खाली एक झगझगीत निळसर पांढरा तारा होता. तोही धरला. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर अक्षरं आली : जुळणी झाली नाही.

दोनदा केलं. दोनदा तेच. पोरं कंटाळली. तेवढ्यात बाजूच्या वस्तीतले एक आबाजी शेकोटीवरून उठून आले. मी त्यांना तांबूस तारा दाखवून म्हटलं, "आबाजी, ही स्वाती." त्यांनी वर पाहिलं आणि हसले. "अजी, हा त नांगर हाये."

गोंडी आकाशात ज्याला नांगर म्हणतात ते आपलं मृग नक्षत्र. भाच्यानं कपाळावर हात मारला. तारा मृगातला, म्हणजे काक्षी. खालचा पांढरा व्याध. आणि यंत्राला तर स्वाती दिसत होती, जी जानेवारीत मध्यरात्र उलटल्यावर उगवते. यंत्राच्या लेखी त्या दिवशी ५ जानेवारी नव्हती, १ मे होती. परदेशी पद्धतीनं महिना आधी, दिवस नंतर. मी आपल्या सवयीनं उलटं भरलं होतं.

यंत्रानं माझी चूक पकडली कशी, तेही भाच्यानं समजावलं. स्वाती आणि चित्रा यांच्यात आकाशात सुमारे ३३ अंशांचं अंतर आहे, आणि ते यंत्राच्या पोटात नोंदलेलं आहे. मी दाखवलेल्या काक्षी आणि व्याध यांच्यात अंतर २७ अंशांचं. दोन अंतरं जुळेनात, म्हणून यंत्रानं नकार दिला. अलाइनमेंट म्हणतात ती एवढीच. दोन ओळखीचे तारे दाखवायचे. त्यावरून यंत्र आपली तिपाई आकाशाशी कशी बसली आहे ते काढतं, आणि बाकीचं सगळं आकाश त्यावर बेततं. हे गणित छोट्या दुर्बिणींसाठी सोपं करून मांडणारा लेख तोशिमी ताकी या जपानी हौशी निरीक्षकानं १९८९ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकात लिहिला. त्याच सुमारास अशा दुर्बिणी बाजारात येऊ लागल्या आणि १९९९ पर्यंत नवशिक्याला झेपेल अशा आकारात उतरल्या. मोठ्या वेधशाळांत संगणक त्याआधीच पोचला होता. ऑस्ट्रेलियातली ३.९ मीटर व्यासाची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण १९७४ पासून संगणकाच्या हुकमावर फिरते.

त्या रात्रीनंतर त्या तीन प्रश्नांनी माझा पिच्छा सोडला नाही. एवढासा रिमोट जी उत्तरं मागतो, ती मिळवायला माणसांना किती काळ लागला?

पहिला प्रश्न घ्या. तू कुठं आहेस? मुलचेऱ्याचे अक्षांश साधारण साडेएकोणीस, रेखांश ८० च्या आसपास. हे आकडे फोन क्षणात सांगतो. पण या देशाची जागा प्रथम काटेकोर मोजली ती ताऱ्यांवरून. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडं सरकत गेला, आणि ठिकठिकाणी अचूक अक्षांश काढण्यासाठी डोक्यावरून जाणारे तारे एका खास दुर्बिणीतून न्याहाळत गेला. वीस वर्षांनंतरही काम संपलं नव्हतं. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला, तो आपल्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथंच आहे. त्यानं ताऱ्यांवरून जागा काढली. आज आपण जागा सांगून तारे काढतो. देणं तेच, फक्त फेडायची बाजू बदलली.

दुसरा प्रश्न वेळेचा. यंत्र विचारतं, तुमची वेळ ग्रिनिचपेक्षा किती पुढं? साडेपाच तास. हा अर्धा तास परदेशी माणसाला विचित्र वाटतो, पण त्यामागं मोठा वाद झालेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. मुंबईनं ती मनापासून स्वीकारली नाही. तिची जुनी वेळ नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागं. लोकांना वाटलं, सरकार आपला सूर्यच पुढं ढकलत आहे. एकाच शहरात दोन वेळा पाळल्या गेल्या, आणि मुंबई वेळ थेट १९५५ पर्यंत तग धरून राहिली. त्या मानानं आमचं मुलचेरा समजूतदार म्हणायचं. इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी दहाच मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. यंत्र आणखी एक विचारतं, उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढं केलं आहे का? उत्तर नाही असं द्यायचं. आपल्याकडं ते महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात झालं होतं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत जुना : हा तारा कोणता? आणि इथं मला, उर्दू ऐकत वाढलेल्या आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला, गंमत वाटू लागली. अमेरिकेत विकायला केलेल्या यंत्राच्या यादीत नावं कुठली? अल्देबरान, म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? कृत्तिकांच्या. आपली रोहिणी कृत्तिकेनंतरच येते. रायगेल, म्हणजे रिज्ल, पाय. आपण त्याला राजन्य म्हणतो. अल्तेर, उडता गरुड, आपला श्रवण. व्हेगा म्हणजे वाकी, झेप घेऊन खाली येणारा गरुड, आपला अभिजित. आणि मी ज्याला स्वाती समजलो तो काक्षी, म्हणजे बीटलज्यूस. मूळ अरबी शब्द यद अल्-जौझा, जौझाचा हात. अरबी लिपीत 'य'खाली दोन नुक्ते असतात आणि 'ब'खाली एक. लॅटिनमध्ये उतरवताना कुणाची तरी नजर चुकली, 'य'चा 'ब' झाला, आणि त्या चुकीसकट तो तारा जगभर गेला. त्यानंतर तारखेतल्या माझ्या चुकीचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

ही नावं इस्फहानच्या अब्दुर्रहमान सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात बसवली. त्यातली काही अरब वाळवंटातल्या लोकांची जुनी, काही ग्रीक ग्रंथांतून आलेली. सूफींच्या काळात ताऱ्यांवरून वेळ काढायचं हातातलं यंत्र होतं उस्तुरलाब. पितळेच्या तबकड्या, प्रत्येक अक्षांशाला वेगळी तबकडी, आणि वर ठळक ताऱ्यांची टोकं असलेली जाळी. ओळखीचा तारा पाहायचा, त्याची उंची मोजायची, जाळी तेवढी फिरवायची. मग सगळं आकाश जागच्या जागी बसतं. जागा, वेळ आणि तारा, हे तीन धागे तेव्हाही तेच. दोन माहीत असले की तिसरा निघतो. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या दरबारी महेंद्रसूरी या जैन आचार्यांनी १३७० मध्ये या यंत्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. नाव ठेवलं 'यंत्रराज'. मुसलमान सुलतान, जैन मुनी, संस्कृत भाषा, ग्रीक-अरबी यंत्र. तारा कुणाच्या बापाचा नसतो, हे तेव्हाच्या लोकांना सांगावं लागत नव्हतं.

आपल्या भागातल्या वेधशाळांची गोष्टही याच वळणाची आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक ती सांभाळत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रात त्या तोडीची, आता संगणकावर चालणारी, दोन मीटरची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आयुकानं उभारली ती २००६ मध्ये.

दुसरी गोष्ट हैदराबादची. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हौसेनं १५ इंची दुर्बीण आणून वेधशाळा थाटली. ते गेल्यावर ती निजाम सरकारकडं आली आणि निजामिया वेधशाळा झाली. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलं होतं की जगातल्या वेधशाळांनी आकाश पट्ट्यांत वाटून घ्यायचं आणि काचेच्या प्लेटांवर फोटो घेऊन प्रत्येक ताऱ्याची जागा मोजायची. हैदराबादच्या वाट्याला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला, पुढं उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचाही. चॅटवुड, पोकॉक, टी. पी. भास्करन अशा संचालकांच्या हाताखाली तिथल्या माणसांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक ठिपका मोजला. लाखो ठिपके. त्या वेळी आपला मराठवाडाही त्याच संस्थानात होता.

हे मी का सांगतो? कारण हे काम वाया गेलं असं बरीच वर्षं वाटत राहिलं, आणि ते तसं नव्हतं. २००० मध्ये टायको-२ नावाची पंचवीस लाख ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. तारे किंचित किंचित सरकत असतात. ती गती काढायला जुनी मोजणी लागते. ती कुठून घेतली? त्याच जुन्या प्लेटांच्या वह्यांतून, हैदराबादच्या वह्यांसकट. आज खगोलाच्या अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात ती यादी आहे. मृगाच्या पायाखाली शशक नावाचं लहान नक्षत्र आहे. त्याचे ठळक तारे हैदराबादच्या पट्ट्यातले. भाचा तिथून दुर्बीण घेऊन आला, पण तिथलं आकाश यंत्राच्या पोटात त्याच्याआधीच आलं होतं.

आता नवशिक्यासाठी चार कामाच्या गोष्टी, कारण त्या मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. तिपाई सपाट ठेवा. जुळणीसाठी दोन तारे निवडताना ते आकाशात एकमेकांपासून लांब असू द्या, नव्वद अंशांच्या आसपास असले तर उत्तम. अगदी क्षितिजावरचा किंवा अगदी डोक्यावरचा तारा नको. तारा मधोमध आणताना शेवटचा धक्का नेहमी एकाच दिशेनं, बहुधा वर आणि उजवीकडं द्या, म्हणजे दात्यांमधली ढिलाई निघून जाते. तारे ओळखू येत नसतील तर काही यंत्रांत नावं न सांगता तीन ठळक ठिपके दाखवायची सोय असते. यंत्र त्यांच्यातल्या अंतरांवरून नावं स्वतः ओळखतं. गुरू किंवा चंद्र एकट्यानंही भागवतो, पण नेम कच्चा राहतो.

लॅपटॉप जोडायचा असेल तर फुकटची चांगली सॉफ्टवेअरं आहेत. फ्रान्सच्या फाब्यें शेरो यांनी सुरू केलेलं स्टेलेरियम, स्वित्झर्लंडच्या पॅट्रिक शेवालेंचं कार्त द्यु सिएल, लिनक्सवाल्यांचं के-स्टार्स. पडद्यावरच्या ताऱ्यावर टिचकी मारा, दुर्बीण तिकडं वळते. विंडोजवर दुर्बीण आणि सॉफ्टवेअर यांच्यात दुभाषा लागतो, त्याला ॲस्कॉम म्हणतात. मात्र एक गैरसमज टाळा. नवशिक्यांच्या बहुतेक यंत्रांत जुळणी आधी रिमोटवरच करावी लागते. लॅपटॉप फक्त हुकूम देतो. जुळणी चुकली असेल तर पडद्यावर गुरू आणि नेत्रिकेत काळोख.

आणि आता तर तीन प्रश्नही न विचारणारी यंत्रं आली आहेत. दुर्बिणीला लावलेला कॅमेरा किंवा फोन आकाशाचा एक फोटो काढतो. सॉफ्टवेअर त्यातल्या चार-चार ताऱ्यांच्या आकृत्या आपल्या यादीशी ताडून पाहतं आणि सांगतं, तू इथं पाहत आहेस. भाचा गेल्या दिवाळीत म्हणाला, "मामू, तसं बसवून देऊ? कुणाला काही विचारायची गरज नाही."

मी थांब म्हटलं. सोय मला कळते. म्हातारपणी मान वर करून तारे शोधणं सोपं नाही, आणि पोरांना रांगेत थंडीत उभं ठेवणंही नाही. पण त्या रात्री आम्हाला विचारावं लागलं म्हणून आबाजी उठून आले. नांगर म्हणाले. मग एक बंगाली पोर म्हणालं, आमच्या घरी याला कालपुरुष म्हणतात. निर्वासितांच्या तिसऱ्या पिढीतलं पोर. आजीनं पूर्व बंगालमधून आणलेलं नाव ते इथल्या जंगलात सांभाळून होतं. मी म्हटलं, आमच्या जुन्या किताबांत हा जौझा. मराठी पोरं म्हणाली, मृग. मग आबाजींनी पोरांना सप्तर्षीचं सांगितलं : ते चार तारे म्हणजे खाट, आणि मागचे तीन चोर ती पळवायला निघालेले. सप्तर्षी उगवायला अजून वेळ होता, तरी पोरं उत्तरेकडं पाहत राहिली.

या गोष्टी नुसत्या शेकोटीच्या नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून त्या गोळा केल्या, आणि २०१३ मध्ये खगोलाच्या इतिहासाला वाहिलेल्या एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केल्या. नांगर, खाट, चोर सगळे त्यात आहेत. पण पुस्तकात असणं वेगळं आणि पोराच्या तोंडी असणं वेगळं. आबाजी मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांना आणखी किती तारे ठाऊक होते, ते मी विचारलं नव्हतं. मी फक्त यंत्राचं नावांचं कोडं सुटलं म्हणून खूश झालो होतो.

आता बांधीत आमचा नियम असा. पहिली जुळणी हातानं, डोळ्यांनी, आणि पोरांनी करायची. जुळणीच्या प्रत्येक ताऱ्याचं नाव घरी जाऊन विचारून यायचं. गोंडीत काय, बंगालीत काय, तेलुगूत काय, मराठीत काय. ते एका दोनशे पानी वहीत उतरवायचं, कुणी सांगितलं त्याच्या नावासकट. स्टेलेरियममध्ये वेगवेगळ्या लोकांची आकाशं निवडायची सोय आहे, आणि नवं आकाश भरायचीही. भाचा म्हणतो, वही भरली की तो ती त्यात घालून देईल. वही अजून निम्मीच भरली आहे. ती भरेपर्यंत फोनवालं यंत्र नको, असं मी त्याला सांगितलं आहे. नंतर खुशाल बसव.

तारीख मात्र आता मी भरत नाही. ते काम सातवीतल्या एका मुलीकडं आहे. महिना आधी, दिवस नंतर, हे तिनं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.